दुसरी किल्ली

बालमित्रांनो, आणि बालमित्रांच्या गाड्या चालवणाऱ्या पालकांनो,

मागच्या अंकात 'माझी सुट्टी' या विषयावर मुलांनी लिहिलेले उतारे तुम्ही वाचले असतील. त्यात सर्वांत छोटा उतारा आमच्या चिरंजीवांचा होता. "आम्ही जानेवारीत वॉटमोला येथे गेलो. खूप मजा आली. किल्ली हरवली." संपला उतारा. वहीत त्याखाली बाईंनी लाल पेनने लिहिलं होतं, "पुढे काय झालं?" चिरंजीवांनी ती वही आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "बाबा, हे तू लिही. इट वॉज युअर की."

बोलणं खरं होतं. किल्ली आमची होती आणि चूकही बरीचशी आमचीच होती. तेव्हा बाईंच्या प्रश्नाचं उत्तर आम्हीच लिहीत आहोत. शुद्धलेखनाचे मार्क कापू नयेत ही विनंती.

आमची गाडी २००९ सालची, जपानी. सहा वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. विकणाऱ्या गृहस्थांनी किल्ली एकच दिली. दुसरी घर बदलताना कुठे गेली ते त्यांना आठवत नव्हतं. त्याबद्दल त्यांनी किमतीत दोनशे डॉलर सोडले आणि आम्ही खूश झालो. सौ. त्याच दिवशी म्हणाल्या, "अहो, त्या दोनशे डॉलरची आधी दुसरी किल्ली करून घ्या." आम्ही चौकशी केली, तर दोनशे वीस सांगितले. कानशीने घासलेल्या एवढ्याशा लोखंडाला दोनशे वीस डॉलर! आम्ही म्हणालो, पुढच्या महिन्यात बघू. तो पुढचा महिना सहा वर्षं काही आला नाही.

यातली गंमत अशी, की आम्ही व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. कचेरीत आमची ख्याती 'बॅकअपवाले' अशी आहे. एकच प्रत असलेली माहिती म्हणजे नसलेली माहिती, हे वाक्य आम्ही प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवतो. कंपनीच्या माहितीच्या तीन प्रती, त्याही दोन वेगळ्या शहरांत. आणि घरच्या गाडीची किल्ली एक!

गेल्या डिसेंबरात आमची आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली. वय शहात्तर, डायबेटिस जुना, पण उत्साह आमच्या दुप्पट. तिला समुद्र दाखवायचा म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही रॉयल नॅशनल पार्कमधल्या वॉटमोलाला गेलो. सिडनीच्या दक्षिणेचं हे उद्यान १८७९ सालचं, जगातल्या सर्वांत जुन्या राष्ट्रीय उद्यानांपैकी एक. वॉटमोलाला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला धबधब्याचं पाणी येऊन साचलेलं शांत तळं आहे. मुलांना पोहायला उत्तम. एकच गैरसोय, तिथे मोबाईल लागत नाही. "बरंच आहे," सौ. म्हणाल्या, "दिवसभर तुमचा फोन बंद राहील."

आम्ही झाडाखाली चटई टाकली. आईने सकाळी आठला गोळी घेऊन पोहे खाल्ले होते आणि साडेबाराला तिला जेवायला हवं होतं. जेवणाचा डबा, तिच्या गोळ्यांची पिशवी, पाण्याची मोठी बाटली, सगळं डिकीत, उन्हात नको म्हणून गाडीत ठेवलं होतं. सव्वाबाराला सौ. म्हणाल्या, "डबा आणता का?" आम्ही खिसा चाचपला. किल्ली नाही. दुसरा खिसा चाचपला. मग चटई झटकली, टॉवेल झटकले, चपला उलट्या केल्या. किल्ली नाही.

"किल्ली कोणी घेतली होती?" आम्ही विचारलं. आवाज थोडा मोठा होता असं सौ. म्हणतात. चिरंजीव, वय वर्षे दहा, पाण्याकडे बघत म्हणाले, "आय डोन्ट नो." कन्या, वय वर्षे सहा, सकाळी गाडीत किल्लीची बटणं दाबून खेळत होती हे आम्हाला आठवलं. झालं! आम्ही तिलाच धरलं. कुठे टाकलीस, आठव, नीट आठव. ती बिचारी "मी नाही, मी नाही" म्हणत रडायला लागली. आजूबाजूचे लोक बघू लागले. मग आम्ही गाडीपासून चटईपर्यंतची वाळू दोनदा उकरली.

चिरंजीव दरम्यान उठून आजीजवळ जाऊन बसले होते. पुढचा संवाद आम्हाला आईकडून नंतर कळला, पण तो इथेच सांगायला हवा. तो बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "आजी, किल्ली माझ्या खिशात होती. मी पाण्यात उडी मारली. आता नाहीये." आई म्हणाली, "बरं." तो म्हणाला, "बाबाला सांगू नको." आई म्हणाली, "मी नाही सांगणार. तूच सांग. मी बरोबर येते."

आणि ती दोघं हात धरून आमच्यापुढे येऊन उभी राहिली. चिरंजीवांनी सगळं सांगितलं. चेंडू डिकीत राहिला होता, तो आणायला बाबानेच किल्ली दिली होती. चेंडू आणल्यावर त्याने ती पोहण्याच्या चड्डीच्या खिशात ठेवली. खिशाला चेन नव्हती. तो मोठ्या धाडसाने बोलत होता, आणि सगळं मराठीत. आम्हाला राग आला, पण तो कोणावर काढावा हे सुचेना. चेंडूसाठी किल्ली आम्हीच दिली होती, दिल्याचं आम्हीच साफ विसरलो होतो, आणि ज्या पोरीचा काही संबंध नव्हता तिला चारचौघांत रडवलं होतं. आधी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "इट्स ओके बाबा," पण पुढचा तासभर ती आईच्या मांडीवरून उठली नाही.

आम्ही चष्मा लावून तळ्यात बुड्या मारल्या. तळाशी गढूळ वाळू, त्यात पन्नास लोकांचे पाय. किल्ली मिळणार नव्हती. दीड वाजला. आई म्हणाली, "मला जरा कसंसंच होतंय." तिच्या कपाळावर घाम होता आणि हात कापत होते. डायबेटिसची गोळी पोटात आणि वेळेवर जेवण नाही, म्हणजे साखर उतरते, हे आम्हाला पाठ होतं. डबा वीस पावलांवर काचेआड होता. काच फोडायला आम्ही दगड उचलला, एवढं मात्र खरं.

तेवढ्यात शेजारच्या चटईवरच्या एका वयस्क ऑस्ट्रेलियन बाई लेमोनेडची बाटली घेऊन आल्या. आपल्या लिंबू सरबताशी तिचा संबंध नाही, पण साखर भरपूर. त्यांनी बाटली आईच्या ओठांशी धरली. मग पाव आणि केळं दिलं. पंधरा मिनिटांत आईला हुशारी वाटू लागली. त्या बाईंचे यजमान आम्हाला आपल्या गाडीतून वरच्या मोठ्या रस्त्यापर्यंत घेऊन गेले, कारण फोन तिथे लागत होता. दोघांची नावं विचारायचं राहून गेलं, याची रुखरुख आजही आहे.

आम्ही दोन फोन केले. एक रस्त्यावर मदत करणाऱ्या सेवेला आणि एक याच वर्गातल्या मित्राला, ज्याची गाडी सात माणसांची आहे. तो जेवणावरून उठून निघाला.

मदतीचा माणूस आला. त्याने दाराच्या फटीत एक रिकामी रबरी पिशवी सरकवली, हवा भरून ती फुगवली, झालेल्या फटीतून लांब सळई घातली आणि आतली कडी उचलली. दार उघडलं आणि गाडीने बोंब ठोकली. झाडावरचे सगळे पोपट उडाले. पण डबा बाहेर आला. आईने दोन पोळ्या, भाजी आणि दहीभात खाल्ला, मग सगळ्यांना वाढला, त्या मदतीच्या माणसालाही. त्याने पोळी गुंडाळून उभ्याउभ्या खाल्ली आणि सांगितलं, "दार उघडणं सोपं. पण ही चालू करणं माझ्या हातात नाही. टो ट्रक बोलवावा लागेल."

घरी जाताना, मित्राच्या गाडीत, चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, दार उघडलं ना? मग गाडी का चालत नाही? सिनेमात वायर जोडून चालवतात." प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर इथे नीट लिहितो, कारण बऱ्याच पालकांनाही ते ठाऊक नसतं. आम्हालाही अर्धंच ठाऊक होतं.

किल्लीत तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली, लोखंडी पातं. ते दाराचं आणि स्टिअरिंगजवळचं कुलूप फिरवतं. दुसरी, दार उघडबंद करायची बटणं. ती म्हणजे छोटा रेडिओ, त्याला नाण्याएवढी बॅटरी लागते. आणि तिसरी, प्लॅस्टिकच्या डोक्यात लपलेली तांदळाच्या एक-दोन दाण्यांएवढी चिप. खरी किल्ली ती.

या चिपला बॅटरी नसते. किल्ली घालायच्या भोकाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. किल्ली फिरवली की त्या वेटोळ्यात सेकंदाला सुमारे सव्वा लाख आवर्तनं करणारा प्रवाह वाहतो, त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला वीज मिळते आणि ती जागी होते. बसमध्ये टेकवायच्या ओपल कार्डालाही बॅटरी नसते, तेही याच तत्त्वावर चालतं. जागी झालेली चिप गाडीला आपला क्रमांक सांगते. बऱ्याच गाड्यांत तेवढ्यावर भागत नाही. गाडी दर वेळी एक नवी संख्या देते आणि चिपने आपल्याजवळच्या गुप्त आकड्याने तिचं गणित करून उत्तर द्यायचं असतं. गाडीने हाक मारायची, किल्लीने ओ द्यायची. ओ बरोबर आली तर इंजिनाला पेट्रोल आणि ठिणगी मिळते. नाही आली तर चोराने वायर जोडो की पातं घडवून आणो, इंजिन ढिम्म. किल्ल्याच्या दरवाजावर परवलीचा शब्द विचारत ना, तसंच. शब्द माहीत नाही तर फेटा कितीही ओळखीचा असो, दरवाजा बंद.

या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. १ जुलै २००१ पासून ऑस्ट्रेलियातल्या नव्या प्रवासी गाड्यांना ती सक्तीची झाली. त्या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ४० हजार गाड्या चोरीला गेल्या होत्या. पुढच्या दहा वर्षांत हा आकडा निम्म्याहूनही खाली आला. म्हणजे ज्या चिपमुळे आम्ही वॉटमोलाला अडकलो, तिनेच हजारो लोकांच्या गाड्या वाचवल्या. तिला शिव्या देण्यात अर्थ नव्हता.

"मग बाबा, हे गणित कोणी हॅक केलं तर?" चिरंजीवांनी विचारलं. (हॅक हा शब्द त्याला वर्गात शिकवलेला नाही.) केलंही आहे. २००५ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी त्या काळच्या लाखो किल्ल्यांतल्या एका चिपचं कोडं फोडून दाखवलं. तिचा गुप्त आकडा ४० बिटांचा होता. म्हणजे शक्यता सुमारे १ लाख १० हजार कोटी. माणसाला हे अफाट वाटतं, संगणकाला तेवढं वाटत नाही. त्यानंतरच्या चिपांत मोठे आकडे आले. मग चोरांनी वेगळी वाट धरली. कोडं सोडवत बसण्यापेक्षा घरात शिरून दाराजवळच्या खुंटीवरची किल्लीच उचलायची! कुलपं करणारा आणि फोडणारा यांची शर्यत जुनीच आहे.

बुधवारी संध्याकाळी किल्लीवाला घरी आला. त्याची व्हॅन म्हणजे चाकांवरचा कारखाना. मूळचा इराकचा, तीस वर्षं सिडनीत. आधी त्याने आमचं लायसन्स आणि गाडीची नोंदणी मागितली. नाव-पत्ता जुळवून पाहिल्याशिवाय तो गाडीला हातही लावेना. न्यू साउथ वेल्समध्ये कुलपाच्या कारागिराला परवाना लागतो आणि तो पोलीस खातं देतं. आम्हाला त्याचा आग्रह आवडला. जो न विचारता आपल्याला किल्ली करून देईल, तो आपल्या गाडीची दुसऱ्यालाही करून देईल.

आई खुर्ची घेऊन अंगणात बसली. सांगलीत गणपती पेठेत फुटपाथवर बसणारा चावीवाला तिने आयुष्यभर पाहिलेला. तो कोरी किल्ली कुलपात घालून फिरवतो, तिच्यावर उठलेल्या खुणा बघतो आणि तेवढंच कानशीने घासतो. इथे या माणसाने दाराच्या कुलपात एक बारीक सळई घालून आतल्या पत्र्यांची उंची मोजली, आकडे यंत्राला दिले आणि दोन मिनिटांत पातं कापून काढलं. आईने मान डोलावली. "तेच की रे," ती म्हणाली, "फक्त कानस विजेवरची आहे." मग दाराकडे बोट दाखवून तिने त्याला मराठीत सांगितलं, "कुलूप चांगलं आहे हं." तो थबकला आणि हसला. "कुफ्ल! तुम्ही कुफ्ल म्हणालात?" अरबीत कुलपाला कुफ्ल म्हणतात, आपला कुलूप हा शब्द तिथूनच आलेला. चावी आली पोर्तुगीजांच्या 'शाव्ह' वरून, ते तिचं स्पेलिंग 'चावे' असं वाचता येईल असं करतात. किल्ली मात्र आपल्या कील या शब्दाच्या घराण्यातली. त्यानंतर आई आणि तो दोन भाषांत तासभर गप्पा मारत होते. एकमेकांचं किती कळत होतं ते विचारू नका, पण चहा दोनदा झाला.

खरं काम पुढे होतं. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्याला त्याने आपलं यंत्र जोडलं. पडद्यावर प्रश्न आला: गाडीच्या स्मरणातल्या सगळ्या किल्ल्या पुसायच्या का? सगळं पुसायचं म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. पण त्याने समजावलं. हरवलेली किल्ली उद्या कोणाच्या हाती लागली तर? म्हणून आधी जुनीची ओळख पुसायची. मग नव्या दोन किल्ल्या एकेक करून आत घालायच्या, गाडी त्यांचा क्रमांक लक्षात ठेवते. थोडा वेळ थांबावं लागलं. समोरच्या फळीवर कुलपाचं चित्र असलेला लाल दिवा लुकलुकत होता, तो विझला. किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली. कन्येने टाळ्या वाजवल्या.

याच सॉकेटचा चोरही उपयोग करू लागले आहेत. खोटी किल्ली गाडीला ओळख करून द्यायची आणि गाडी पळवायची, असे प्रकार वाढल्याचं २०२५ साली व्हिक्टोरियातल्या पोलिसांनी सांगितलं. किल्लीवाल्यानेही स्टिअरिंगला लावायचा जुन्या पद्धतीचा लोखंडी दांडा घ्या असं सुचवलं. विज्ञान फिरून दांड्यावर आलं म्हणून आईला फार बरं वाटलं.

बिल झालं सहाशे चाळीस डॉलर. टो ट्रकचे वरचे एकशे ऐंशी धरून आठशे वीस. सहा वर्षांपूर्वी दोनशे वीस महाग वाटले होते. एक चालू किल्ली हातात असेल तर दुसरी करणं बरंच सोपं असतं. पातं बघून पातं कापता येतं, चिपची ओळख करून देणंही लवकर होतं, गाडी ओढून न्यावी लागत नाही. शेवटची हरवली की मात्र सगळं मुळापासून करावं लागतं. आम्ही हिशेब मांडत होतो तेव्हा आई म्हणाली, "दुसरी किल्ली पहिली हातात असतानाच करायची असते रे. पहिली गेल्यावर करतात ती दुसरी नव्हे." आणि तिने किल्लीवाल्याला आणि आम्हाला २०१९ सालची गोष्ट सांगितली. भाषांतर चिरंजीवांनी केलं.

त्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचा पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फुटांची. आई तेव्हा पुण्याला आमच्या बहिणीकडे होती. घराला कुलूप, किल्ली तिच्या कमरेच्या छल्ल्यात, रस्ते बंद. पण दुसरी किल्ली तिने वर्षानुवर्षं वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे ठेवलेली. पाणी अंगणात आलं तशी काकूंनी आणि त्यांच्या मुलाने कुलूप उघडलं आणि लोखंडी कपाटातले कागद, फोटो, आमच्या वडिलांची पत्रं, सगळं दोन खेपांत वर नेलं. संध्याकाळी कपाट बुडलं. "ह्याची इंजिनिअरिंगची पदवी पण त्यातच होती," आईने आमच्याकडे बोट दाखवलं. "काकूंकडे किल्ली नसती तर हा इंजिनिअर आहे याला पुरावा उरला नसता." किल्लीवाला खो खो हसला. आम्हीही हसलो, जरा उशिराने. त्या पत्रांचं आम्हाला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

इथे एक गोष्ट आमच्या लक्षात आली. दुसरी किल्ली नुसती करून चालत नाही, ती द्यावी लागते. दुसरीही आपल्याच खिशात ठेवली तर दोन्ही एकदमच पाण्यात जातील. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या हाती ती द्यायची आणि मग शांत झोपायचं. आईला हे न शिकता येतं. आम्हाला आठशे वीस डॉलर लागले.

आता गाडीची दुसरी किल्ली आमच्या गल्लीतल्या शेजाऱ्यांकडे असते आणि त्यांच्या घराची आमच्याकडे. चिरंजीवांना आम्ही विचारलं, "तू पाण्याजवळच का नाही सांगितलंस? आजीलाच का सांगितलंस?" तो म्हणाला, "तू इंग्लिशमध्ये ओरडत होतास. आजी मराठीत गप्प बसली होती." यावर आम्हाला काही बोलता आलं नाही. मराठीत गप्प बसणं म्हणजे काय, हे त्याला कळतं आणि तो ते मराठीतच सांगू शकतो, एवढ्यासाठी वर्गाच्या बाईंचे आभार.

मार्चमध्ये आई परत गेली. विमानतळावर, आत जायच्या आधी, तिने छल्ल्यातून एक किल्ली सोडवली आणि चिरंजीवांच्या हातात ठेवली. पितळेची, साधी, सांगलीच्या घराची. निघायच्या आधीच गणपती पेठेतून तिने ती करून आणली होती म्हणे. "एक माझ्याकडे, एक काकूंकडे, ही तुझी," ती म्हणाली. चिरंजीवांनी विचारलं, "पण आजी, मी कधी उघडणार?" आई म्हणाली, "येशील तेव्हा. मी घरात नसले तरी उघडता आलं पाहिजे."

त्या किल्लीत चिप नाही. ती आमच्या जेवणघरात, दारापासून लांब, कपाटाच्या आतल्या खिळ्याला टांगलेली आहे. चिरंजीव अधूनमधून ती आहे ना ते बघून येतात.

जाता जाता, पालकांसाठी चार गोष्टी. सेकंडहँड गाडी घेताना किल्ल्या किती ते विचारा, आणि एकच असेल तर दुसरीचा खर्च किमतीतून वजा करा. नव्या किल्ल्यांबरोबर आकडा कोरलेली धातूची छोटी पट्टी मिळाली असेल तर ती घरात जपून ठेवा, गाडीत नव्हे. कोणाचं औषध आणि खाणं डिकीत बंद करून लांब जाऊ नका. आणि किल्लीतली नाण्याएवढी बॅटरी बदलताना जुनी आणि नवी दोन्ही लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. अशा बॅटऱ्यांसाठी सक्तीचे सुरक्षा नियम जगात पहिल्यांदा ऑस्ट्रेलियानेच केले, २२ जून २०२२ पासून. मुलाने ती गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न बघता १३ ११ २६ या विषबाधा माहिती केंद्राला फोन करा, तो रात्रंदिवस चालू असतो. श्वासाला त्रास होत असेल तर थेट ०००.

आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठी एकच गृहपाठ. आज घरी गेल्यावर आईबाबांना विचारा, "आपल्या गाडीच्या किल्ल्या किती आहेत?" ते गप्प बसले तर हा लेख त्यांना वाचून दाखवा.

— वर्गातले एक पालक